पावतीमावशीने न विचारलेला प्रश्न

बहिणीच्या पोरांनी तिचं नाव पावतीमावशी ठेवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलं लहान होती तेव्हा मावशी त्यांना गोळ्या-बिस्किटांसाठी पैसे द्यायची आणि परत आल्यावर पहिला प्रश्न विचारायची, पावती कुठे आहे? गोळी पोटात गेलेली असायची आणि पावती खिशात भिजून लगदा झालेली. मावशी तो लगदा खिडकीत वाळत घालायची. या एका गोष्टीवरून घरात तिची इतकी थट्टा झाली की तिचं खरं नाव फक्त बँकेला आणि पोस्टमनला ठाऊक राहिलं.

लोकांना वाटायचं, ही बाई म्हणजे अगदी कोरडं काम. नाकासमोर चालणारी, आपण बरं आपलं काम बरं म्हणणारी, दिवसभर आकड्यांत डोकं घालून बसणारी. लोकांचं काय, लोक वरवर बघतात. खरं सांगायचं तर पावतीमावशीइतकी स्वप्नाळू बाई त्या अख्ख्या रस्त्यावर नव्हती. दूध उतू जायचं ते तिच्या डोळ्यांसमोर, आणि तिला दिसायचं नाही. फक्त इतर लोक आभाळाकडे बघून स्वप्नं रंगवतात, ही पावत्यांकडे बघून रंगवायची, आणि हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

तिचं ऑफिस म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली. लाकडी जिना, रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी, एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि भिंतीवर ओळीने खुंट्या. प्रत्येक खुंटीला एक कापडी पिशवी. एक पिशवी म्हणजे एक गिऱ्हाईक. बेकरीवाल्याच्या पिशवीला पिठाचा वास, कुलूपवाल्याच्या पिशवीला तेलाचा, लाँड्रीवालीच्या पिशवीला साबणाचा आणि वाफेचा. खालून मशीनचा खडखडाट यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. दुपारी ऊन टेबलावरून सरकत पिशव्यांवर जायचं, तेव्हा खोलीत सगळे वास एकत्र व्हायचे आणि मावशीला वाटायचं, आपलं गाव आपल्याच भिंतीवर टांगलेलं आहे.

तिची कामाची एक रीत होती. ती कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत आणि शिकवू पण नयेत. वर्षअखेरीला बाकीचे लेखापाल पावत्यांचे गठ्ठे करतात, भाड्याचा वेगळा, विजेचा वेगळा, मालाचा वेगळा. मावशी आधी वर्ष अंथरायची. म्हणजे पिशवी उघडून सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे जमिनीवर मांडायची, दारापासून खिडकीपर्यंत, नागमोडी. मग चपला काढून त्या वाटेने हळूहळू चालायची. बेकरीवाल्याच्या वर्षात उन्हाळ्यात बर्फ वाढायचा, मग कधीतरी डॉक्टरचं बिल यायचं, मग अचानक साखर दुप्पट. चालता चालता मावशी मनात म्हणायची, बिचाऱ्याला मुलगी झाली वाटतं. हे सगळं झालं की ती खुर्चीवर बसायची आणि जे काम अर्ध्या दिवसात व्हायचं ते मुकाट्याने दोन दिवसांत करायची.

गिऱ्हाइकांना ती सहसा भेटत नसे. पिशव्या यायच्या, सह्यांचे कागद जायचे, मध्ये एखादी चिठ्ठी. तिला ते तसंच बरं वाटायचं. माणूस समोर आला की स्वप्नात फेरफार करावे लागतात.

अशा या मावशीकडे एका वर्षअखेरीला तिची भाची राहायला आली. पोरगी नुकतीच पदवीधर झालेली, डोळे कायम खिडकीबाहेर. पुढे काय, हा प्रश्न घरात रोज जेवणाच्या ताटावर वाढला जात होता. लेखापाल व्हायचं म्हणजे आधी कुठल्यातरी फर्ममध्ये तीन वर्षांची उमेदवारी, मग परीक्षा. बापाचं म्हणणं, पोरीने तेच करावं, पोटाला मरण नाही. आईचं म्हणणं, त्यात काही राम नाही, आकडे मोजत म्हातारी होईल. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे पोरीला पावतीमावशीकडे पाठवावं. बापाला वाटलं, मावशीचा स्वतःचा व्यवसाय बघून पोरगी हो म्हणेल. आईला वाटलं, मावशीला बघूनच ती नाही म्हणेल. नवराबायकोचं एकमत बहुधा असंच असतं.

येत्या रविवारपर्यंत पोरीने काय ते सांगायचं होतं.

मावशीने भाचीला दुसरी खुर्ची दिली आणि कामाला लावलं. पोरगी चटपटीत नव्हती, पण कागद हातात घ्यायची तो हळुवार. एखादी पावती हातात धरून ती इतका वेळ बसायची की मावशीला आपलीच तरुणपणची सावली समोर बसल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी दोघी घरी जायच्या, चहा व्हायचा, दूध आता दोघींच्या डोळ्यांसमोर उतू जायचं. एवढी वर्षं मावशीला एकटेपणाचं काही वाटलं नव्हतं, निदान असं ती समजत होती. आता सकाळी न्हाणीघरात दुसरा टॉवेल वाळताना दिसला की तिला उगाचच बरं वाटे.

मग काय, मावशीने मनात इमले बांधायला सुरुवात केली. खिडकीजवळ पोरीसाठी दुसरं टेबल. घरातली मागची खोली रिकामी करून तिला द्यायची, पडदे निळे. तीन वर्षं ती आपल्याकडेच उमेदवारी करेल, पास होईल, मग दारावरच्या पाटीवर दोन नावं. दोन-तीन दिवसांत मावशीने पडद्यांचं कापडसुद्धा निवडलं, आणि ते सगळं मनातल्या मनात. पोरीला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. मनात मांडे, पदरात धोंडे म्हणतात ते अशाच माणसांसाठी.

पोरगी मात्र सरळ होती. बुधवारी दुपारी तिने विचारलं की मावशी, खरं सांग, हे आयुष्यभर करण्यासारखं काम आहे का? बाबा असं म्हणतात, आई तसं म्हणते, कॉलेजातले मित्र म्हणतात की थोड्या वर्षांत हे सगळं कॉम्प्युटरच करेल. तू तर आयुष्य काढलंस यात.

मावशीला घाम फुटला. हा प्रश्न तिला कधी कुणी विचारला नव्हता, तिने स्वतःलाही नाही. वडील अचानक गेले, धाकट्या बहिणीचं शिक्षण व्हायचं होतं, ओळखीच्या एका लेखापालाकडे जागा होती, ती जाऊन बसली. निवडलं असं काही नव्हतंच. नाही म्हणावं तर पोरगी परवा बॅग भरेल. हो म्हणावं, तर ते पोरीच्या भल्यासाठी की मागच्या खोलीतल्या निळ्या पडद्यांसाठी, हे तिचं तिलाच कळेना. शेवटी ती म्हणाली, बघ की तूच, आणि कुलूपवाल्याची पिशवी उघडली. पोरीने पुन्हा विचारलं नाही, पण तिचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी फ्रेमवाल्याची पिशवी निघाली.

हा फ्रेमवाला म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला फोटोंना आणि चित्रांना चौकटी करून देणारा माणूस. मावशीने त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या शेजारी लाँड्रीवालीचं दुकान, तीच दोघांच्या पिशव्या घेऊन यायची. पण मावशीच्या सगळ्या पिशव्यांत ही पिशवी लाडकी होती. तिला पट्ट्या चिकटवायच्या सरसाचा आणि ताज्या लाकडाचा वास यायचा. दोघींनी मिळून वर्ष अंथरलं. काच, लाकडी पट्ट्या, खिळे, सरस, आणि दर महिन्याच्या शेवटी बसची दोन तिकिटं, एक जायचं आणि एक यायचं. समुद्रकाठच्या एका छोट्या गावाची. कायम एकाच माणसाची.

पोरगी अनवाणी त्या वाटेवरून चालली आणि तिकिटांपाशी थबकली. मावशीला काय झालं कोण जाणे. कालचा उतरलेला चेहरा तिच्या डोळ्यांसमोर होता. पोरीला या कामाची गोडी लागायची असेल तर आज, नाहीतर कधीच नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदा आपलं एक स्वप्न तोंडाने सांगितलं.

तिने सांगितलं की हा माणूस उंच आहे, सडपातळ, केस पांढरे होत आलेले. महिन्याच्या शेवटी तो दुकान बंद ठेवतो, हात घासून घासून सरस काढतो, आणि पहिली बस पकडतो. तिथे धक्क्यावर एक बाई त्याची वाट बघत असते, गळ्यात हिरवा स्कार्फ. त्यांचं लग्न का झालं नाही ते मावशीलाही ठाऊक नव्हतं, ती त्यात पडली नव्हती. दोघं समुद्राकडे तोंड करून बसतात, फारसं बोलत नाहीत, आणि संध्याकाळच्या बसने तो परत येतो. एका वर्षीच्या वाटेवर चालताना दोन महिने तिकिटंच दिसली नाहीत. तेव्हा मावशीचा जीव थाऱ्यावर नव्हता. भांडण झालं असेल, किंवा ती बाई आजारी असेल. चार पावलं पुढे, तिसऱ्या महिन्यात तिकिटं पुन्हा दिसली, तेव्हा मावशीने खाली जाऊन स्वतःसाठी केकचा एक तुकडा आणला आणि एकटीने खाल्ला. त्याची पावतीही घेतली.

सांगताना तिचा आवाज इतका मऊ झाला होता की खालचं मशीनसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. पोरगी जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मावशीला वाटलं, जिंकलं. दुसरं टेबल खिडकीशी येऊन उभं राहिलेलं तिला स्पष्ट दिसलं.

मग पोरीने डोळे पुसले, एक तिकीट उचललं आणि उलटंसुलटं करून पाहिलं.

"पण मावशी, मग हा खर्च धंद्याचा कसा? तू कुठे धरलास?"

मावशी म्हणाली, प्रवास खर्चात.

"तू त्यांना विचारलंस?"

आता हे सांगायला हवं की धंद्याच्या हिशेबात कोणता खर्च धरायचा आणि कोणता नाही, हा लेखापालाच्या कामाचा श्रीगणेशा आहे. शंका आली की विचारायचं. पावतीमावशी बेकरीवाल्याच्या एका जादा गोणीसाठी चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पाठवायची. पण या तिकिटांबद्दल, इतक्या वर्षांत, एक ओळ नाही. कारण तिला माहीत होतं की उत्तर आलं तर हिरवा स्कार्फ जाईल. स्वतःच्या एका स्वप्नासाठी तिने त्या माणसाचा हिशेब दर वर्षी चुकीचा मांडला होता, आणि एरवी लहान पोरांकडे गोळीची पावती मागितली होती.

"विचारलं असतं तर गोष्ट संपली असती," ती शेवटी म्हणाली.

पोरीने तिला बोल लावला नाही. ती उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, चल, विचारून येऊ. मावशीने पुष्कळ आढेवेढे घेतले. पिशवीतून चिठ्ठी पाठवू म्हणाली, पुढच्या वर्षीपासून बघू म्हणाली, ऊन फार आहे म्हणाली. पोरगी जिन्यात जाऊन उभी राहिली. आपल्या मतांना चिकटून राहणारी माणसं मावशीच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होती, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची?

बसने दोघी गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरल्या. लाँड्रीचा वास ओळखीचा होता, त्याच्या मागोमाग सरसाचा. दुकान अरुंद, लांबलचक. दोन्ही भिंतींवर रिकाम्या चौकटी टांगलेल्या, आणि प्रत्येक चौकटीत भिंतीचा तेवढाच पोपडा धरलेला चौकोन, जणू तेच चित्र. आत एक बुटका, गोल, टक्कल पडलेला माणूस कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधत होता. मावशीचं मन एवढंएवढं झालं. उंच सडपातळ माणूस दुकानाच्या मागच्या दाराने कायमचा निघून गेला.

ओळख सांगितल्यावर फ्रेमवाल्याची तारांबळ उडाली. हिशेबाच्या बाई स्वतः आल्या म्हणजे काहीतरी भयंकर घडलेलं असणार, असं त्याने गृहीत धरलं. त्याने दोन स्टुलं पुसली, तीच पुन्हा पुसली. मावशी लाकडाच्या भावाबद्दल बोलली, काचेबद्दल बोलली, लाँड्रीवालीच्या तब्येतीची चौकशी केली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते पोरीने त्या दिवशी जवळून पाहिलं. शेवटी तिनेच तिकीट पुढे केलं आणि विचारलं की काका, हा प्रवास कशासाठी असतो?

फ्रेमवाल्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तिकिटाकडे पाहिलं. मग तो सांगू लागला. तिथे त्याचा थोरला भाऊ असतो. हे दुकान मुळात भावाचं, चौकट कशी करायची ते त्यानेच शिकवलं. पुढे भावाची दृष्टी गेली. आता तो त्या गावात, आंधळ्या माणसांसाठीच्या एका वसतिगृहात राहतो. फ्रेमवाला दर महिन्याला जातो आणि त्या महिन्यात दुकानात कायकाय आलं ते त्याला सांगतो. कुणाच्या लग्नाचा फोटो आला, त्यात नवरी कुठे बघत होती. कुणी बोटीचं चित्र आणलं, त्यातला पाण्याचा रंग कसा होता. भाऊ विचारतो, मग पट्टी कुठली लावलीस? आणि चुकीची लावली असेल तर शिव्या देतो.

"एका वर्षी माझा पाय मोडला होता. दोन महिने जाता आलं नाही," तो म्हणाला. "त्याला वाटलं मी मेलो, आणि हे लोक आपल्याला सांगत नाहीत."

मावशीला आपण खाल्लेला केक आठवला आणि तिला बसल्या जागी शरमल्यासारखं झालं.

फ्रेमवाल्याने हळूच विचारलं की तसं बघितलं तर सगळं बोलणं धंद्याचंच होतं ना, मग चालत नाही का? पोरीने खूप विचार केला. तिला हो म्हणायचं होतं, तिच्या तोंडावर ते दिसत होतं. पण ती म्हणाली की नाही काका, हा खासगीच खर्च होतो, काढावा लागेल. फ्रेमवाल्याने मान डोलावली, काढा म्हणाला, त्याला त्याचं काही वाटलं नाही. मावशीने सांगितलं की चूक पूर्णपणे तिची आहे, मागच्या वर्षांची दुरुस्ती ती स्वतः करून देईल आणि भुर्दंड पडला तर तोही तिचाच.

"अहो, चूक कसली," तो म्हणाला. "पहिल्यांदा तिकीट पिशवीत टाकलं तेव्हा मला वाटलं, आता बाई विचारतील. मी काय काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. नाही विचारलंत. मग दर वर्षी टाकत गेलो. इथे सगळे चौकट कधी होईल एवढंच विचारतात. तू महिन्याच्या शेवटी कुठे जातोस, हे कुणी विचारलंच नाही कधी."

तो हे अगदी साधेपणाने बोलला, तक्रारीचा सूर नव्हता. पण मावशीला ते लागलं. इतकी वर्षं तिने या माणसाचा विचार केला होता, त्याच्यासाठी ती हळवी झाली होती, आणि तो बिचारा दर वर्षी पिशवीत दोन तिकिटं टाकून एका प्रश्नाची वाट बघत होता.

फ्रेमवाल्याने चहा मागवला आणि सहज विचारलं, तुम्हाला काय वाटलं होतं बाई, मी कुठे जातो? मावशी लालबुंद झाली. पण एकदा लाज गेली ती गेलीच, म्हणून तिने सगळं सांगितलं, धक्का, बाई, हिरवा स्कार्फ. फ्रेमवाला इतका हसला की भिंतीवरच्या दोन चौकटी हलल्या. मग डोळे पुसत त्याने विचारलं, हे भावाला सांगू का? या महिन्यात चांगली चित्रंच आलेली नाहीत, त्याला हे फार आवडेल.

परतीच्या बसला वेळ होता. दोघी स्टॉपवरच्या बाकावर बसल्या. रस्त्यावर उतरतं ऊन होतं, समोरच्या इमारतीच्या काचा पेटल्यासारख्या दिसत होत्या आणि कुणी एक बाई दुसऱ्या मजल्यावर चादर झटकत होती. मावशीला काम सुरू केल्यापासूनचे सगळे दिवस डोळ्यांसमोरून जाताना दिसत होते, आणि प्रत्येक पिशवीशी एकेक माणूस तिच्याकडे बघत उभा होता.

मग तिने बुधवारच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तिने सांगितलं की यातले बरेच दिवस कंटाळवाणे असतात. पाठ जाते, डोळे जातात, वर्षअखेरीला जेवणाची शुद्ध राहत नाही. बेरजा-वजाबाक्या कॉम्प्युटर आजच करतो, त्यासाठी कुणी आयुष्य घालवू नये.

"पण लोक आपली पिशवी अशी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत गं. डॉक्टरला पण अर्धंच सांगतात. आपल्याला सगळं देतात, आणि वर आपण विचारलं तर त्यांना राग पण येत नाही, कारण विचारणं हेच आपलं काम. मी अर्धंच काम केलं. तू पूर्ण करशील तर करण्यासारखं आहे."

पोरगी म्हणाली, मी करणार आहे. आज दुकानात बसल्या बसल्याच ठरलं माझं.

मावशीच्या मनात दुसरं टेबल, निळे पडदे, पाटी, सगळं एकदम उजळलं. तेवढ्यात पोरीने पुढचं सांगितलं. उमेदवारी मात्र घराजवळच्या मोठ्या फर्ममध्ये. काल संध्याकाळी बाबांचा फोन आला होता, तिथे एकच जागा उरली होती, आज सकाळी बाबांनी नाव घालून ठेवलं, नको असेल तर काढू म्हणाले. आता काढायचं नाही.

एरवी मावशी बरं म्हणाली असती. घरी जाऊन मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं असतं आणि पोरीच्या तिथल्या आयुष्याचं एक सुंदर स्वप्न रचलं असतं. तिच्या ओठांवर ते बरं आलंही होतं.

"माझ्याकडे का नाही?" तिने विचारलं.

पोरगी चकित झाली. "तू काही बोललीच नाहीस. मी विचारलं तेव्हा पण म्हणालीस, बघ की तूच. मला वाटलं, तुला एकटीची सवय आहे, माझी अडचण होत असेल."

"अडचण?" मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "तू गेलीस की मी त्या घरात कशी राहू, हे मला कळत नाहीये. मदत नकोय मला, काम मला एकटीला झेपतं. मला तू हवी आहेस. पण मोठ्या फर्ममध्ये तू जास्त शिकशील, हेही खरं आहे. मी हे कालच, तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं, म्हणजे तुला दोन्ही धरून ठरवता आलं असतं."

पोरीने तिचा हात हातात घेतला. मावशीने तिला घाई केली नाही. शेवटी पोरगी म्हणाली की ती जाईल. तिला तिथे शिकायचं आहे. मावशीने मान हलवली, कारण पोरीच्या आईची मोठी बहीण म्हणून, मावशी म्हणून आणि लेखापाल म्हणून तिलाही तेच बरोबर वाटत होतं.

"तीन वर्षांनी परत विचारशील?" पोरीने विचारलं.

"विचारीन."

असं म्हणाली आणि त्या उघड्या रस्त्यावर, चारचौघांत, पावतीमावशीला रडू कोसळलं. बाकावरच्या दुसऱ्या टोकाचा माणूस भिडस्तपणे उठून उभा राहिला. पोरगी घाबरून जवळ सरकली आणि काय झालं, काय होतंय, म्हणून विचारू लागली. दुसरा कुठला दिवस असता तर मावशीने डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगितलं असतं. ती नाक पुसून सावरून बसली आणि वडील गेले त्या वर्षापासून सांगायला लागली. बस आली, थांबली आणि निघून गेली, आणि दोघी तिथेच बसून राहिल्या.